नवोदयचा फॉर्म भरताय? आधी मुलाला विचारलंत का?

जून उजाडला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालक येऊन उभे राहतात. "मॅडम, नवोदयचे फॉर्म सुटले म्हणे. आमच्या पोराचा भरून टाका." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते, त्यामुळे या फॉर्मच्या गर्दीतून दरवर्षी जाते. माझा स्वतःचा मुलगाही नवोदयच्या, म्हणजे निवासी शाळेतल्या सहावीच्या, प्रवेशपरीक्षेला बसला होता. त्याची निवड झाली नाही. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय माझं.

पालकांना मी पहिला प्रश्न विचारते, "पोराला विचारलंत का?" बहुतेकदा उत्तर येतं, "त्याला काय विचारायचं, निवड तर होऊ द्या!" इथेच गाडी उलट्या बाजूनं जुंपली जाते. निवड झाल्यावर घरात रडारड होते, आजी अडून बसते आणि जूनमध्ये घेतलेली जागा ऑगस्टमध्ये सोडून मूल परत येतं. म्हणून अभ्यासाचं नंतर बघू. आधी घरातलं बोलणं उरकू.

घरात काय बोलायचं

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून पहिल्या दोन शाळा निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. आता महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक जिल्ह्यात एक आहे. पुणे जिल्ह्याची शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला, कोल्हापूरची कागलला, सांगलीची पलूसला, अहिल्यानगरची पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला. गोव्यातही काणकोण आणि वाळपईला आहेत. सहावी ते बारावी, सीबीएसई अभ्यासक्रम, मुलंमुली एकत्र. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून दरमहा ६०० रुपये विद्यालय विकास निधी असतो. मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना तो माफ आहे. पालक सरकारी नोकरीत असतील तर आकडे वेगळे आहेत, ते माहितीपत्रकात बघून घ्या.

हे सगळं लोकांना ठाऊक असतं. बोललं जात नाही ते पुढचं.

एक, मूल दहा-अकरा वर्षांचं असताना घर सोडतं. स्वतःचे कपडे धुणं, घंटेवर उठणं, आमटी आवडली नाही तरी जेवणं आलं. अंथरूण ओलं करणारं किंवा रात्री आईचा हात धरून झोपणारं मूल असेल तर ते कच्चं आहे असं मी म्हणत नाही. पण तयारी आतापासून हवी. दिवाळीत मामाकडे किंवा आत्याकडे आठ दिवस एकटं राहू द्या, आणि रोज तीनदा फोन करू नका. मूल कसं राहिलं त्यावरून बरंच कळतं, आणि त्याहून जास्त तुमचं तुम्हाला कळतं.

दोन, माध्यम. सातवी-आठवीपर्यंत मराठीत शिकवतात. त्यापुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रं हिंदीतून. हा सांधा बदलताना हुशार मुलंही वर्षभर धडपडतात.

तीन, नववीतलं स्थलांतर. नववीच्या ३० टक्के मुलांना एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात आणि तिकडची मुलं इकडे येतात. महाराष्ट्रातली मुलं हिंदी पट्ट्यात जातात. पालकांकडून याची हमी आधीच घेतात, पण बरेच जण न वाचता सही करतात आणि नववीत "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" म्हणत प्राचार्यांच्या दारात बसतात.

हे तीनही मुद्दे मुलासमोर बोला. त्यानं "जातो" म्हटलं तर पुढे वाचा.

पात्रता: फॉर्म इथे अडतो

नवोदयच्या बाबतीत मी सर्वांत जास्त अश्रू पाहिले ते गुणांमुळे नाही, कागदांमुळे.

मूल चालू वर्षी पाचवीत असलं पाहिजे, त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकत असलं पाहिजे आणि त्याच जिल्ह्याचं रहिवासी असलं पाहिजे. पुण्यात नोकरी आणि मूल गावी सोलापूर जिल्ह्यात आजोबांकडे, अशा घरांनी रहिवासाचा पुरावा कुठल्या जिल्ह्याचा निघतो ते आधीच तपासावं. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तीन वर्षं पूर्ण, एकामागोमाग एक, झालेली हवीत. पाचवी पुन्हा करून दुसऱ्यांदा बसता येत नाही. एकच संधी. "यंदा नुसता सराव म्हणून बसवतो" हा डाव इथे चालत नाही.

वयाची अट जन्मतारखेवर असते आणि दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या काळातला लागत होता, दोन्ही तारखा धरून. शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख, आधारवरची आणि जन्मदाखल्यावरची, तिन्ही जुळतात का ते एप्रिलमध्येच बघा. आडनावाचं स्पेलिंगही. जूनमध्ये आधार केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हर बसतो.

आता ग्रामीण-शहरी. एका वर्गात जास्तीत जास्त ८० जागा. त्यांतल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांसाठी. ग्रामीण ठरायला तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. यात एक दिवसही शहरी शाळेत गेला तर मूल शहरी गटात जातं. आमच्याकडचा एक मुलगा, वडील ऊसतोड मुकादम, राहणार अस्सल खेड्यातला. तिसरीत चार महिने तालुक्याच्या गावी मावशीकडे राहून तिथल्या शाळेत गेला होता. ते गाव दिसायला खेडंच, पण तिथे नगरपंचायत झालेली. पोरगा शहरी ठरला. तालुक्याची कितीतरी गावं अलीकडच्या वर्षांत ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आहेत. तुमची शाळा कुठल्या हद्दीत येते हे मुख्याध्यापकांना विचारा, अंदाजानं रकाना भरू नका.

आरक्षणाचंही तसंच. अनुसूचित जाती-जमाती आहेतच, किमान एक तृतीयांश जागा मुलींना आहेत, आणि ओबीसींना २७ टक्के, पण केंद्राच्या यादीप्रमाणे. राज्याचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला हे दोन वेगळे कागद. विमुक्त-भटक्यांपैकी बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, तरी स्वतःच्या जातीचं नाव यादीत डोळ्यांनी बघा. कुणबी दाखला असेल तर ओबीसीत बसतो. राज्याचा एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) दाखला केंद्राच्या संस्थेत चालत नाही, त्या मुलांनी खुल्या गटात भरायचं.

फॉर्म भरताना

अर्ज ऑनलाइन, आणि फुकट. नवोदय विद्यालय समितीच्या अधिकृत संकेतस्थळावरच. नेट कॅफेवाला भरून द्यायचे पन्नास-शंभर घेईल ते त्याच्या मेहनतीचे, समिती एक रुपया घेत नाही. "निवडीची हमी" देऊन पैसे मागणारा भेटला तर त्याला चहाही पाजू नका.

आधी प्रमाणपत्राचा नमुना डाउनलोड करून छापायचा. त्यावर मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकाची सही आणि मुख्याध्यापकांचा सही-शिक्का. मग ते स्कॅन करून फोटो आणि सह्यांसोबत अपलोड करायचं. तिसरीपासूनच्या शाळांची नावं, गावं आणि वर्षं यात लागतात. मूल मधे कुठे दुसऱ्या शाळेत गेलं असेल तर त्या तारखा आधी जमवून ठेवा, नाहीतर मुख्याध्यापक रजिस्टर उलटत बसतात आणि मागची रांग कुरकुरते.

परीक्षेचं माध्यम नीट विचारून टिक करा. मराठी शाळेतल्या मुलासाठी मराठीच घ्या. "इंग्रजी घेतलं तर इंप्रेशन पडतं" असं एका बापानं मला सांगितलं होतं. मशीनवर तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर कसलं इंप्रेशन पडणार?

फॉर्म गेल्यावर छापील प्रत घेऊन घरी आणा आणि मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. मूल चूक पटकन पकडतं: "बाबा, इथं मला मुलगी केलंय!" मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात. लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम एवढंच तेव्हा बदलता येतं. मुदत वाढेल या भरवशावर तर राहूच नका. वाढते कधीकधी, पण तेव्हा सगळं गाव एकाच वेळी बसतं आणि पान उघडत नाही. नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. मोबाइल हरवतो, वही सहसा हरवत नाही.

पेपरचं गणित

दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चार पर्याय, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बुद्धिमत्ता ४० प्रश्न, ५० गुण. अंकगणित २० प्रश्न, २५ गुण. भाषा २० प्रश्न, २५ गुण. तिन्ही विभागांत स्वतंत्रपणे पात्र ठरावं लागतं, त्यामुळे "गणितात शंभर टक्के, भाषा गेली खड्ड्यात" हे चालत नाही.

म्हणजे निम्मे गुण बुद्धिमत्तेचे, आणि बुद्धिमत्ता म्हणजे इथे केवळ आकृत्या. शब्द नाहीत, सामान्यज्ञान नाही. माझ्या मते या परीक्षेतली सर्वांत न्याय्य गोष्ट हीच. ज्याच्या घरी पुस्तकाचं कपाट नाही त्यालाही आकृती तेवढीच दिसते.

आकृत्यांचे दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न. गटात न बसणारी आकृती, तंतोतंत जुळणारी, अपूर्ण नक्षी पूर्ण करणं, मालिकेतली पुढची आकृती, समसंबंध, त्रिकोण-चौकोन-वर्तुळ पूर्ण करणं, आरशातली प्रतिमा, घडीच्या कागदाची छिद्रं, तुकडे जोडून आकृती, लपलेली आकृती. बाजारातली जाड पुस्तकं मुलाच्या पुढ्यात टाकण्याआधी महिनाभर हे हातानं करून घ्या.

घडीच्या कागदासाठी जुना पेपर घ्या. मधून दुमडा, पुन्हा दुमडा, कोपऱ्यात भोक पाडा. उघडण्याआधी मुलानं वहीत काढायचं की भोकं किती आणि कुठे. मग उघडून ताळा बघा. पहिल्या दिवशी दहापैकी तीन जमतात, पंधराव्या दिवशी नऊ. हेच नुसतं पुस्तकात बघून शिकायला तीन महिने लागतात, कारण घडी डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. आरशाच्या प्रतिमेला दाढीचा छोटा आरसा पुरतो. आकृतीशेजारी उभा धरायचा, पण आधी उत्तर काढून मगच. तुकडे जोडण्यासाठी लग्नपत्रिकेचे पुठ्ठे कापा. लपलेल्या आकृतीला पारदर्शक कागद ठेवून ती गिरवायची, मग हळूहळू कागद काढून टाकायचा.

एक गंमत सांगते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुली नक्षी पूर्ण करण्यात आणि आरशाच्या प्रतिमेत वर्गातल्या मुलग्यांच्या पुढे असतात. आता मी मुलांनाही रांगोळी काढायला लावते. दोन पालकांनी तक्रार केली, मी ऐकलं नाही.

आकृत्यांत एक शिस्त लावा: आधी काय बदलतंय ते तोंडानं बोलायचं. "बाण उजवीकडे फिरतोय, एक रेघ वाढतेय." बोलता आलं की पर्याय आपोआप गळतात. चारही पर्यायांकडे आळीपाळीनं बघत बसणारं मूल वेळही घालवतं आणि शेवटी जे छान दिसतं ते निवडतं.

अंकगणित

पाचवीपर्यंतचंच असतं. संख्या, चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, मापनं, परिमिती, क्षेत्रफळ, कोन, स्तंभालेख. अडचण पातळीची नाही, वेळेची आहे. परीक्षा आता लवकर होते: २०२५-२६ च्या प्रवेशाची १८ जानेवारी २०२५ ला झाली, तर पुढच्या वर्षीची थेट १३ डिसेंबर २०२५ ला. शाळेत तोवर पाचवीचं पुस्तक पुरं होत नाही. म्हणून चौथीच्या मेच्या सुट्टीत अपूर्णांक आणि दशांश सुरू करा, दिवाळीपर्यंत सगळे घटक एकदा हातून गेले पाहिजेत.

पर्याय कसे रचलेले असतात ते मुलाला दाखवा. आयताकृती शेत, लांबी ४५ मीटर, रुंदी ३५ मीटर. भोवती तारेचे तीन पदर घालायचे, तार ८ रुपये मीटर. खर्च किती? परिमिती १६०, तीन पदरांची तार ४८० मीटर, खर्च ३८४० रुपये. पण पर्यायांत १२८० असेल, एकच पदर धरणाऱ्यासाठी. आणि १२६०० असेल, परिमितीऐवजी क्षेत्रफळ काढणाऱ्यासाठी. चुकलेल्या मुलाला त्याचं चुकीचं उत्तर समोर छापलेलं दिसतं आणि ते खूश होऊन गोल रंगवतं. असं एखादं गणित मुलालाच बनवायला सांगा, फसवे पर्यायही त्यानंच घालायचे. एकदा सापळा लावायला शिकलं की सापळ्यात पडत नाही.

तीसपर्यंतचे पाढे मात्र लागतात. त्याला इलाज नाही.

भाषा

उतारे वाचायचे, त्यांवरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचून मुलानं तुम्हाला दोन वाक्यांत सांगावा, एवढं केलंत तरी निम्मी तयारी झाली. उत्तर उताऱ्यातलं असलं पाहिजे, मुलाच्या डोक्यातलं नको. हुशार मुलं इथेच चुकतात, उतारा एक सांगतो आणि ती आपल्याला माहीत असलेलं दुसरंच लिहून येतात.

क्लास लावावा का?

रोज तास-दीड तास मुलाजवळ बसणारं घरात कुणी असेल तर गरज नाही. शिकलेलंच माणूस हवं असं नाही. आरसा धरायला आणि घड्याळ लावायला आजोबाही चालतात. घरी कुणीच नसेल तर लावा, पण आधी एक दिवस वर्गाच्या मागे बसून बघा. मुलांना चूक का झाली हे सांगतात की नुसतं उत्तर वाचून दाखवतात? पाचवीच्या मुलाला गावाबाहेर "नवोदय निवासी क्लास" मध्ये वर्षभर टाकणाऱ्यांना मी नेहमी सांगते, शाळाच सोडून तिकडे गेला आणि त्याचं नाव नगरपालिकेच्या हद्दीतल्या शाळेच्या पटावर लागलं तर ग्रामीण जागाही गेली.

अनेक पालक सोबत सैनिक शाळेचाही फॉर्म भरतात. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली, महाराष्ट्रातली दुसरी चंद्रपूरला २०१९ मध्ये सुरू झाली. पण तो पेपर वेगळा आहे: अडीच तास, १२५ प्रश्न, ३०० गुण, त्यांत निम्मे, म्हणजे १५०, एकट्या गणिताचे आणि ५० सामान्यज्ञानाचे. तिथे अर्जाला शुल्क आहे, फी आहे आणि वैद्यकीय तपासणीही आहे. गणित पक्कं असेल तर दोन्ही भरा, नाहीतर मुलाची ओढाताण होते.

शेवटचे सहा आठवडे आणि परीक्षेचा दिवस

दिवाळीनंतर आठवड्याला दोन पूर्ण पेपर, सकाळी साडेअकरा ते दीड याच वेळेत, कारण परीक्षा त्याच वेळेला असते. काळ्या किंवा निळ्या बॉलपेननं आणि झेरॉक्स केलेल्या उत्तरपत्रिकेवरच. पेन्सिलनं सराव केलेलं मूल परीक्षेत खोडरबर शोधतं. सगळ्यात महागडी चूक म्हणजे सरकणं: १७ वा प्रश्न सोडला आणि १८ व्याचं उत्तर १७ व्या ओळीत रंगवलं. तिथून पुढचं सगळंच चुकतं. दर दहा प्रश्नांनी थांबून क्रमांक जुळवायची सवय लावा. गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत एकही ओळ कोरी ठेवायची नाही.

सरासरी प्रश्नाला दीड मिनिट मिळतं. आकृत्या तासाभरात, मग भाषा, मग गणित, हा क्रम बहुतेकांना मानवतो. तुमच्या मुलाला उलटा मानवत असेल तर तोच ठेवा, पण सरावातच ठरवा.

केंद्र आदल्या रविवारी बघून या. एसटी कितीला मिळते, परत कितीला, स्वच्छतागृह कुठे, हे मुलाला दाखवा. प्रवेशपत्राच्या दोन प्रती, दोन पेनं, पाण्याची बाटली, पोटभर पण साधा नाश्ता. पेपर सुटल्यावर गेटवर "कितीचे बरोबर आले?" विचारणाऱ्या काकांपासून मुलाला वाचवा. भेळ खायला घेऊन जा.

निकालानंतर

निकालाला काही महिने लागतात. फॉर्ममध्ये दिलेला मोबाइल नंबर तोवर बदलू नका. निवड झाली तर मूळ कागद पुन्हा तपासतात: जन्मदाखला, रहिवास, जातीचा दाखला, तिसरीपासूनची शाळा. कागद पूर्ण जुळल्याशिवाय सध्याच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. आपल्या मुलाची जागा कुठे पक्की आहे हे लेखी हातात येऊ द्या. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर गावातल्या शाळेत सहावी सुरू करून टाका. यादी सरकते, पण कधी आणि किती ते कुणाच्या हातात नसतं.

निवड झाली नाही तर पेपर फेरतपासणीला देता येत नाही. माझा मुलगा निकालाच्या संध्याकाळी गोठ्यात जाऊन बसला होता. मी काही बोलले नाही, शेजारी जाऊन शेंगा सोलत बसले. तासाभरानं त्यानंच विचारलं, "आता शिष्यवृत्तीचा पेपर कधी?" केलेली तयारी वाया जात नाही, गणित आणि बुद्धिमत्ता तिथेही आहेच. पुढे आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर नववीपासून चार वर्षं दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आणि नवोदयमध्येच नववीला रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते: गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५ गुण. त्या फॉर्मची जाहिरात गाजावाजा करून येत नाही. मूल आठवीत गेलं की संकेतस्थळ अधूनमधून उघडून बघत राहा.